मागे जाणारा बाण

४ मार्च, सोमवार

भाचीने ही वही आणून दिली आणि म्हणाली, आत्या, कपडा दारातून आत आल्यापासून बाहेर जाईपर्यंत त्याचं काय काय होतं ते लिहून काढ. मी म्हटलं, त्यात लिहिण्यासारखं काय आहे? फाटलेला कपडा येतो, आपण रफू करतो, कपडा जातो. ती म्हणाली, मग तो हिरवा स्कार्फ कुठे आहे?

हिरवा स्कार्फ सगळे सकाळपासून शोधत होते. गिऱ्हाईक काउंटरवर उभं, धाकटा त्याच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारतोय आणि आम्ही आतमध्ये टेबलाखाली वाकलोय. शेवटी तो इस्त्रीच्या टेबलामागच्या टोपलीत निघाला. इस्त्री सांभाळणारे आमचे वाफेवाले म्हणाले, मला वाटलं रफू व्हायचंय. रफू करणारी बारीकताई म्हणाली, मला वाटलं वाफ द्यायचीय. म्हणजे रफू होऊन तो बिचारा तिथे मुक्कामाला होता.

म्हणून हे सॉफ्टवेअर आलं. धाकटा, म्हणजे माझा भाऊ, पन्नाशी उलटली तरी धाकटाच. दुकान त्याच्या नावावर आहे, पण लेकीपुढे त्याचं काही चालत नाही. भाचीने भिंतीवर एक मोठा स्क्रीन लावला. त्यावर तीन रकाने: करायचं, चालू आहे, झालं. प्रत्येक कपड्याचं एक कार्ड आणि ते कार्ड एका रकान्यातून दुसऱ्यात सरकवायचं. मी बराच वेळ बघत बसले. आमचं दुकान तीन रकान्यांत बसवायचं म्हणजे थोराड माणसाला बाळाचं झबलं चढवायचं.

तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, बदलता येतं ना आत्या, आपल्या कामासारखं करून घेता येतं, पण आधी आपलं काम काय ते सांग तरी.

६ मार्च, बुधवार

आज सगळ्यांना बसवून भाचीने विचारलं, काम कसं होतं? चौघांनी चार गोष्टी सांगितल्या. इतकी वर्षं एका छपराखाली काढली, पण एकमेकांचं काम आम्हाला ठाऊक नव्हतं.

बारीकताईचे टाके इतके बारीक की गिऱ्हाइकांनीच तिला हे नाव पाडलं. ती म्हणाली, कोट आला की मी तो आधी एक दिवस नुसता टांगून ठेवते. का? तर अंगाचा बाक जाऊन कापड स्वतःच्या मूळ जागेवर येऊ दे. हे तिने आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. धाकट्याला वाटायचं, ती आळस करते. वाफेवाले म्हणाले की ते वाफ दोनदा देतात, एकदा सगळ्यांसमोर आणि एकदा कुणाचं लक्ष नसताना. सगळे हसलो.

मग धागा. आम्ही बाजारातला धागा वापरत नाही. कपड्याच्याच आतल्या दुमडीतून, जिथे कुणी बघत नाही तिथून, एकेक तंतू ओढून काढतो आणि त्यानेच भोक विणून काढतो. भाची हे सगळं टिपून घेत होती. तिचा चेहरा बघून मला आई आठवली. आई अशीच, पेन्सिल कानामागे खोचून, गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकायची. स्वयंपाकघरातल्या टेबलावर हे दुकान सुरू झालं तेव्हा टेबलाच्या एका टोकाला कोट असायचे आणि दुसऱ्या टोकाला आम्ही दोघं जेवायला. धाकट्याने एकदा कुणाच्या तरी पांढऱ्या शर्टावर रस्सा सांडला होता. आईने शर्ट धुतला, वाळवला आणि मग रफू केलं. गिऱ्हाईक म्हणालं, तुम्ही धुऊनसुद्धा देता, वा!

९ मार्च, शनिवार

रकाने ठरले. आलं, टांगलं, धागा, रफू, वाफ, शोध, पॅकिंग, गेलं. शोधपाशी भाचीचं गाडं अडलं.

शोध ही आईची पद्धत. रफू झालेला कपडा खिडकीपाशी उजेडात टांगायचा. ज्याने त्याला हात लावलेला नाही अशा माणसाने समोर उभं राहायचं, दोन्ही हात पाठीमागे बांधून, आणि फाटलं होतं कुठे ते शोधायचं. हात लावायचा नाही. आई म्हणायची, गिऱ्हाइकाचे पाहुणे काही कोट चाचपून बघणार नाहीत. सापडलं तर कपडा परत. नाही सापडलं तर काम झालं. आमचं काम दिसू नये, एवढंच तर आमचं काम.

भाची म्हणाली, म्हणजे या रकान्यातून दोन बाण निघायला हवेत. एक पुढे पॅकिंगकडे, एक मागे रफूकडे. आणि ज्याने रफू केलं त्याचं नाव इथे चालायचं नाही, असा नियमही घालावा लागेल. दुपारभर तिने सॉफ्टवेअरशी झोंबी घेतली. संध्याकाळी शोधच्या कार्डावर दोन बटणं उगवली: ‘सापडलं’ आणि ‘नाही सापडलं’. त्या रकान्यापुढे तिने माझं नाव घातलं. एकटीचंच.

ते बघून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. बोटं आखडल्यापासून सुई सुटली. हिशेब धाकट्याकडे, गिऱ्हाईक धाकट्याकडे. या दुकानात माझं म्हणून एवढंच उरलंय, ती खिडकी आणि समोर हात बांधून उभं राहणं. तेही गेलं तर मी घरी बसून करू काय? भिंती मोजू?

आणि एक गोष्ट अभिमानाने लिहून ठेवते. हल्ली मला एकही रफू सापडत नाही. डोळ्यात तेल घालून बघते, तरी नाही. बारीकताईचा हात असा काही बसलाय की आई असती तर तिने तिची दृष्ट काढली असती.

१४ मार्च, गुरुवार

खिडकी पुसणाऱ्या बाईंना आज चार शब्द सुनावले. काच कायम धुरकट. त्या म्हणाल्या, आत्ताच पुसली. मी म्हटलं, मग फडका तरी बदला. त्या पुन्हा पुसून गेल्या. काच तशीच.

धाकट्याने नवे दिवे आणलेत तेही असेच, पिवळट, आणि प्रत्येकाभोवती कडं. स्वस्तातले असणार.

स्क्रीनवरची अक्षरं भाचीने माझ्यासाठी मोठी करून दिली, मग आणखी मोठी. आता एका वेळी तीनच कार्डं दिसतात. वाफेवाले म्हणतात, ताई, ही तर दुकानाची पाटी झाली.

मला मात्र या सॉफ्टवेअरचा नाद लागलाय. भाचीने त्याच्या चाव्या मला दिल्यात, म्हणजे रकाने मीच बदलू शकते. काल ‘चहा’ नावाचा रकाना केला. वाफेवाल्यांनी दिवसभर स्वतःचं सगळं काम त्यातच ठेवलं. आज काढून टाकला.

१९ मार्च, मंगळवार

जहाजावरचे एक निवृत्त कप्तान कोट घेऊन आले. गडद निळा, सोनेरी बटणांचा, कोपराजवळ फाटलेला. जुन्या खलाशांचा मेळावा आहे म्हणाले. जे उरलेत ते सगळे जमणार. कदाचित शेवटचंच. कोट हातात घेतल्यावर त्याला खारट वास आला, किंवा मला तसं वाटलं.

आईच्या शेवटच्या वर्षांत अशाच एका निळ्या कोटावर तिने काम केलं होतं. तेव्हा तिचा हात कापायला लागला होता. टाके वाकडे पडायचे. शोध माझ्याकडे होता, आणि मला ते दारातूनच दिसायचे. पण ती खुर्चीत बसून माझ्याकडे बघायची, आणि मी हात पाठीमागे बांधून, मान इकडे तिकडे करून म्हणायचे, नाही गं सापडत. मग ती घरी गेली की मी तेवढे टाके उसवून पुन्हा घालायचे.

दुसऱ्या दिवशी घडी घालायला कपडा तिच्याकडे यायचा. घडी नेहमी तीच घालायची. घडी घालताना त्या जागेवरून अंगठा फिरवायची आणि विचारायची, “हे कुणी केलंय गं? छान केलंय.” स्वतःचंच काम विसरायला लागली होती बिचारी. मी म्हणायचे, तूच की गं आई. ती हसायची.

ही गोष्ट मी दुकानात कितीदा सांगितली असेन. आजही सांगितली. बारीकताई ऐकता ऐकता उठून धागा आणायला गेली.

२३ मार्च, शनिवार

स्क्रीनचा एक फायदा असा की कुठलं कार्ड कुठे किती दिवस पडून आहे ते कळतं. सगळ्यात जास्त वेळ कुठे जातो? मला वाटलं, रफूला. नाही. पॅकिंगला! कागदात गुंडाळून दोरी बांधायला काय लागतं? तरी प्रत्येक कार्ड तिथे एखादा दिवस बूड टेकतंच, कधी दोन. काही तर तिथून नाहीशी होतात आणि पुन्हा उगवतात.

आज मी पाळत ठेवली. दुपारी बारीकताई पॅकिंगचा कोट घेऊन मागच्या दाराने पायरीवर गेली. थोड्या वेळाने वाफेवाले गेले. दोघं उन्हात उभे, डोकी जवळ, काहीतरी कुजबुज. मी दार उघडताच बारीकताईने कोट मागे घेतला आणि म्हणाली, ऊन दाखवतोय ताई, कसर लागू नये म्हणून.

कसर! मी काय काल जन्मले? वाफेवाले विधुर आहेत, बारीकताईचा नवरा कधीच परागंदा झालाय. माझं काही म्हणणं नाही. उलट बरंच वाटलं. पण प्रेम करायचं तर रविवारी करावं, गिऱ्हाइकाच्या कोटाआडून नको.

२८ मार्च, गुरुवार

आज मी पॅकिंगचा रकाना काढून टाकला. भाचीकडून एक नवीन युक्ती शिकले: मी ‘नाही सापडलं’ दाबलं की कार्ड आपोआप ‘गेलं’मध्ये जातं, गिऱ्हाइकाला निरोप जातो आणि पार्सलवाल्यालाही. तो तासाभरात दारात हजर. कागद गुंडाळण्याचं काम धाकट्याने काउंटरवर करावं.

सगळ्यांना दाखवलं. मग धाकटा म्हणाला, ताई, राहू दे ना तो रकाना, काय खातो तो? बारीकताई म्हणाली, राहू द्या की ताई. वाफेवाल्यांनी तर वाफेच्या पाइपकडे बघून मान हलवली. मी म्हटलं, तुमच्या पायरीवर टाच येते म्हणून होय? बारीकताई लालबुंद झाली. बिचारी. पण काम ते काम.

भाचीने मला एकटीला गाठून विचारलं, आत्या, शोधमधून मागे जाणारा बाण आहे ना, तो सुरू केल्यापासून एकदाही वापरला गेला नाही. तुला काय वाटतं? मी म्हटलं, मला वाटतं आपली माणसं सोन्यासारखी आहेत. तो बाण काढून टाकलास तरी चालेल. ती म्हणाली, असू दे. आणि माझ्याकडे अशी बघत राहिली, जसं मीच तिची भाची.

२ एप्रिल, मंगळवार

काम धो धो चाललंय. कार्डं कशी भराभर सरकतात! पॅकिंगचं लोढणं गेलं आणि दुकान हलकं झालं. बारीकताई मात्र ओढलेली दिसते. हल्ली ती रफू झाल्यावर वाफेआधीच कपडा मागे घेऊन जाते. जावं. जुनी सवय आहे, सुटायला वेळ लागेल.

५ एप्रिल, शुक्रवार

बारीकताई लेकीकडे गेलीय, चार-पाच दिवस नाही. जाण्याआधी कप्तानांचा कोट पुरा करून, टेबलावर ठेवून गेली, काल दिवेलागणीला, घाईघाईत. आज सकाळी वाफेवाल्यांनी वाफ दिली, मी शोध केला. कोट म्हणजे अंधार नुसता, एकसंध. नाही सापडलं. पार्सलवाला आला आणि घेऊन गेला. वाफेवाले मागच्या अंगणात होते. आत आले आणि म्हणाले, कोट कुठाय? मी म्हटलं, गेला. ते खाली बसले. दमले असतील.

९ एप्रिल, मंगळवार

कप्तान आले. आवाज चढवला नाही, काही नाही. कोट काउंटरवर पसरला, बाही माझ्याकडे केली आणि म्हणाले, “बाई, मला वाटलं होतं दिसणार नाही.”

मी बघितलं. मला काही दिसेना. मी म्हटलं, कुठे? ते चकित होऊन माझ्याकडे बघत राहिले. धाकट्याने कोट अलगद उचलला आणि मागे पायरीवर नेला. मीही गेले. तिथे लख्ख ऊन होतं. मी अगदी डोळ्याला लावला तेव्हा कुठे दिसलं, कोपराजवळ तळहाताएवढा काळा डाग. बाकी कोट वर्षानुवर्षांच्या उन्हाने विटून फिका झाला होता, आणि धागा होता आतल्या दुमडीतला, ऊन न पाहिलेला, अजून पहिल्या दिवसाचा रंग धरून बसलेला. दिव्याखाली दोन्ही एकच दिसतात. असा धागा आधी उन्हात ठेवून विटवावा लागतो. आमच्या धंद्यातली ही पहिली चूक, आणि ती शोधमध्ये पकडायची असते. मी पकडायची असते.

मेळाव्यात एकाने कप्तानांना विचारलं म्हणे, कोटाला ठिगळ का? आम्ही पुन्हा करून देतो असं धाकटा म्हणाला. कप्तान म्हणाले, करा, घाई नाही. ज्यांना दाखवायचा होता त्यांनी पाहिला.

१० एप्रिल, बुधवार

बारीकताई आली. मी सगळ्यांना खिडकीपाशी बोलावलं आणि विचारलं, हे काय चाललंय?  मग बारीकताई म्हणाली, “ताई, चूक माझी. सकाळी उन्हात बघतील म्हणून ठेवून गेले होते.”

मी म्हटलं, कोण बघतील? बघते तर मी.

तिने वाफेवाल्यांकडे बघितलं. वाफेवाले म्हणाले, “पॅकिंगमध्ये आम्ही पुन्हा बघायचो, ताई. मागच्या हिवाळ्यापासून.”

म्हणजे मी ‘नाही सापडलं’ म्हणायचे आणि हे लोक तोच कपडा मागच्या पायरीवर नेऊन, हात पाठीमागे बांधून, शोधायचे. सापडलं की गुपचूप दुरुस्त. कार्डं नाहीशी व्हायची ती त्यासाठी. आणि मी इथे दृष्ट काढायला निघाले होते. धाकट्यालाही माहीत होतं. भाचीला स्क्रीनवरून कळलं होतं. न कळलेली मी एकटी.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, मला हसत होतात सगळे. मला सांगायची कुणाची हिंमत झाली नाही?

बारीकताई रडायला लागली. रडता रडता म्हणाली, “तुम्हीच तर सांगायचात, आईंचं. आम्हाला वाटलं, इथे असंच करतात.”

मी पिशवी उचलली आणि घरी आले.

१३ एप्रिल, शनिवार

तीन दिवस गेले नाही. भिंती मोजल्या. चारच निघाल्या.

पहिल्या दिवशी राग होता. दुसऱ्या दिवशीही होता, पण तो कुणावर करावा ते ठरेना. मी आईसाठी जे केलं ते प्रेम, आणि त्यांनी माझ्यासाठी केलं ते काय? आज दुपारी खिडकीत बसले असताना समोरच्या दोरीवर कुणाचा तरी शर्ट वाळत होता. तो निळा की राखाडी, ते मला सांगता येईना. इतके दिवस मी काचेला, दिव्यांना, फडक्याला बोल लावत होते. घाबरले. म्हातारपणाला नाही. त्या खिडकीतून उठावं लागेल याला घाबरले. म्हणूनच डॉक्टरकडे जात नव्हते, हे आज इथे लिहितेय, कारण तोंडाने म्हणता येणार नाही.

संध्याकाळी धाकटा आला. पाणी प्यायला, माझ्या चपला दाराशी सरळ करून ठेवल्या आणि म्हणाला, ताई, सोमवारी सकाळची वेळ घेतलीय.

डोळ्यांच्या डॉक्टरची.

१५ एप्रिल, सोमवार

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा तर पार पिकलाय. डॉक्टरांनी विचारलं, निळा रंग शेवटचा नीट कधी दिसला होता? मला सांगता आलं नाही. हळूहळू पडद्यामागे गेलेल्या गोष्टीचा दिवस कसा सांगणार?

२४ एप्रिल, बुधवार

उजव्या डोळ्याचं झालं. पट्टी सुटली. डॉक्टरबाईंच्या मागे भिंतीवर एक कॅलेंडर होतं आणि त्यावर नुसतं आकाश. मी इतका वेळ बघत राहिले की त्यांनी विचारलं, काही हवंय का? मी म्हटलं, नाही, हे माझ्या लहानपणचं निळं आहे. धाकटा म्हणाला, ताई, कॅलेंडर चालू वर्षाचंच आहे.

घरी आरशात बघितलं. एवढ्या सुरकुत्या? हे मात्र डॉक्टरांनी आधी सांगायला हवं होतं.

३ मे, शुक्रवार

दुकानात गेले. खिडकीची काच इतकी स्वच्छ की मी हात लावून खात्री केली. पुसणाऱ्या बाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, कशाबद्दल? मी म्हटलं, फडक्याबद्दल. त्यांना काही उमगलं नाही, पण हसल्या.

बारीकताई मान खाली घालून काम करत होती. तिचे केस पांढरे झालेत. ते कधी झाले? माझ्या नजरेत ती अजून दुकानात पहिल्यांदा आली तेव्हाचीच होती, काळीभोर वेणी, सुई धरताना जीभ बाहेर. मी तिच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. शेवटी म्हटलं, कप्तानांच्या कोटाचं कुठवर आलं? ती म्हणाली, धागा पायरीवर ठेवलाय, ऊन खातोय. दोघी जाऊन बघून आलो. एका पाटीवर ओले करून सरळ मांडलेले तंतू, काळ्याचे निळे होत आलेले.

भाचीला सांगितलं, पॅकिंगचा रकाना परत आण. पण नाव ‘पायरी’ ठेव. शोध झाला की प्रत्येक कपडा पायरीवर जाईल, उजेडात, दुसऱ्या माणसाच्या डोळ्यांखाली. माझ्यामागून नाही, माझ्या देखत. तिने विचारलं, आणि शोधमध्ये नाव कुणाचं? सगळ्यांची कामं थांबली. मी म्हटलं, उद्या बघू.

६ मे, सोमवार

सगळ्यात आधी आला एक करडा लोकरी स्वेटर. मी खिडकीपाशी उभी राहिले, हात पाठीमागे. कुणी बघत नसल्यासारखं करत सगळे बघत होते. वाफेवाल्यांनी वाफ बंद केली.  डावा डोळा अजून जुनाच, म्हणून तो मिटला आणि उजव्याने बघितलं.

खांद्याच्या खाली, शिवणीपासून बोटभर आत. तिथली वीण एक घर घट्ट होती. एकच घर.

मी स्क्रीनपाशी गेले आणि ‘सापडलं’ दाबलं. कार्ड उलटं सरकलं, मागे, मागे, आणि बारीकताईच्या नावावर जाऊन बसलं. तो बाण पहिल्यांदाच चालला. बारीकताईने स्क्रीनकडे बघितलं. मला वाटलं, वाईट वाटेल तिला, एवढे महिने मी काहीच परत दिलं नव्हतं. ती उठली, आली आणि सगळ्यांसमोर मला मिठी मारली. म्हणाली, सापडलं, ताई, सापडलं! वाफेवाले तोंड फिरवून टेबल पुसत होते. धाकटा काउंटर सोडून आत आला, गिऱ्हाईक उभं असताना.

मी सगळ्यांना बजावलं, पुढे कधी पुन्हा असं झालं तर मला तोंडावर सांगायचं. सगळ्यांनी जोरात माना डोलावल्या. सांगणार नाहीत, हे मला ठाऊक आहे.

जाता जाता एक नोंद. पायरीवर आता ठरल्याप्रमाणे एकच माणूस जायला हवा. तरी बारीकताई गेली की पाठोपाठ वाफेवाले जातातच. मी काही बोलणार नाही.

९ मे, गुरुवार

कप्तानांचा कोट झाला. शोधला, नाही सापडलं. बारीकताईनेच तो पायरीवर धाकट्यापुढे धरला. त्यालाही नाही. संध्याकाळी कप्तान घ्यायला आले. त्यांनी बाही उन्हाकडे धरली, फिरवली, आणि खिशातून चष्मा काढून पुन्हा बघितलं. मग कोट अंगात घातला आणि तसेच चालत गेले, एवढ्या उकाड्यात.

लिहायची गोष्ट त्याआधीची आहे. कोटाची घडी घालायची होती. धाकटा फोनवर होता, म्हणून मीच बसले. किती वर्षांनी कुणाच्या रफूला हात लावला. शोधमध्ये हात पाठीमागेच, आणि एरवी माझ्याकडे कपडा कशाला येतो? घडी घालताना अंगठा सहज कोपराजवळून गेला आणि थांबला. डोळ्यांना काही नाही, पण अंगठ्याला ती जागा कळली. आणि नुसती जागा नाही. तिथे बारीकताई होती. तिचा टाका किंचित डावीकडे कलतो, आणि शेवटचा तंतू ती दोनदा आत घेते. अंधारात दिला असता तरी मी सांगितलं असतं, हे बारीकताईचं. मला ज्याचं काम माहीत आहे, त्याचं मी अंगठ्याने ओळखेन. स्वतःचं तर ओळखेनच.

मी घडी अर्धी सोडून तशीच बसून राहिले.

“हे कुणी केलंय गं? छान केलंय.”

आई काहीच विसरली नव्हती. रोज विचारायची, अंगठा माझ्या टाक्यांवर ठेवून, माझ्याकडे बघत. आणि मी म्हणायचे, तूच की गं आई. मग ती हसायची आणि घडी पूर्ण करायची.